शब्दवेध : अफवा

अरबीत ‘फम’ म्हणजे तोंड आणि त्याचे अनेकवचन ‘अफवाह’, म्हणजे तोंडे. फारसी-उर्दूच्या वाटेने शब्द मराठीत आला, शेवटचा ‘ह’ गळाला आणि अनेकवचनाचे एकवचन झाले. एका तोंडाने अफवा होत नाही, हे व्युत्पत्तीतच आहे.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी १९४७च्या पुस्तकात हीच तोंडे तपासली. प्रयोगात दाखवलेल्या भुयारी रेल्वेच्या चित्रात एक गोरा आणि एक कृष्णवर्णीय माणूस होता; वस्तरा गोऱ्याच्या हातात होता. चित्र पाहणाऱ्या पहिल्याने वर्णन दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला. निम्म्याहून अधिक प्रयोगांत कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर तो वस्तरा कृष्णवर्णीयाच्या हाती गेला! कोणी ठरवून खोटे बोलले नव्हते. पूर्वग्रहाने काम केले.

राजकारण्याला हा पूर्वग्रह आयता मिळतो. मात्र मराठीने इथे फरक केला आहे: अफवा उठते, कंडी पिकवावी लागते. प्रचारकक्षात बसून सोडलेल्या खोट्याला अफवा म्हणणे म्हणजे पिकवणाऱ्याला मोकळे सोडणे.

तोंडांची जागा आता अंगठ्याने घेतली. ‘सायन्स’मधील २०१८च्या अभ्यासानुसार ट्विटरवर खोटी बातमी पुढे धाडली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्के जास्त होती, राजकीय खोटे सर्वांत वेगवान. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात व्हॉट्सॲपवर फिरलेल्या अफवेवरून मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. महिना संपायच्या आत व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली.