दुसरीच्या पदरात काय?

मुंबई प्रांताने 1946 साली हिंदू पुरुषाला पहिली बायको हयात असताना दुसरी करायला बंदी घातली. 1951 साली नरसू अप्पा माळी खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने ती उचलून धरली आणि 1955च्या हिंदू विवाह कायद्याने ती देशभर गेली. बंदी योग्यच होती. पण नवऱ्याला किती बायका करता येतात एवढेच पाहिले, तर बाईची खरी स्थिती हाती लागत नाही. नवऱ्याविरुद्ध तिला कोर्टात काय मागता येते, यावर ती ठरते. बंदीपूर्वी सवतीवर आलेली बाईही रीतसर पत्नी होती, तिला पोटगी मागता येई. बंदीनंतर अशा बाईचे ते नाते रद्दबातल ठरू लागले. नवऱ्याला मात्र पळवाटा उरल्या. 1965 साली लोखंडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की गांधर्व पद्धतीच्या दुसऱ्या लग्नात होम-सप्तपदी झालेली नाही, तेव्हा ते लग्नच नव्हे, आरोपी सुटला. उलट 1988च्या यमुनाबाई आढाव खटल्यात विधी झालेले होते, तरी पहिली बायको हयात असल्याने दुसरीची पोटगी नाकारली गेली. विधी अपुरे तर गुन्हा नाही, विधी पुरे तरी पोटगी नाही.

मुस्लिम कायद्यात चित्र उलटे. चार बायकांची मुभा आणि सर्वांशी न्यायाने वागण्याची अट कुराणात एकत्र येतात. न्यायालयांनी मुभेला कायदा मानले, अट बहुधा नवऱ्याच्या सदसद्विवेकावर सोडली. तरी दुसरीला मेहर होता, खर्ची होती, नवऱ्यामागे मुले असल्यास सर्व विधवांना मिळून अष्टमांश वाटा होता. 1939च्या कायद्याने असमान वागणूक हे तलाक मागण्याचे कारण ठरवले. नंतर अलाहाबाद उच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन, दुसरी बायको केलेल्या नवऱ्याला पहिलीला जबरीने नांदायला बोलावू दिले नाही.

हे बहुपत्नीकत्वाचे समर्थन झाले, असा आक्षेप येईल. तसे नाही. जिला स्वतःची कमाई नाही, तिला घटस्फोटाची वाट उघडून देणे म्हणजे निम्माच न्याय. 1966 साली समाजसुधारक हमीद दलवाईंबरोबर मुंबईत मोर्चा काढणाऱ्या सात मुस्लिम स्त्रियांनी म्हणूनच मुळात चार बायकांची ही मुभाच काढून टाका, अशी मागणी केली. दुसरा आक्षेप असा की दुसरीला पोटगी दिली की पहिलीवर अन्याय होतो. पण तो अन्याय केला नवऱ्याने, आणि त्याची भरपाई फसवल्या गेलेल्या बाईकडून करून घेण्यात काही न्याय नाही. पहिले लग्न लपवून दुसरे करणाऱ्याला त्याच लबाडीच्या आधारे पोटगी टाळता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात दिला. पण त्यासाठी 2013 साल उजाडावे लागले.