विमानाच्या पोटांतील कारागिरी

अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत काकडी गांवाजवळ बांधलेला शिर्डीचा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजीं खुला झाला. तेथें विमानांत चढणारा यात्रेकरू कमरेचा पट्टा आवळतो आणि भिंतीचें गुळगुळीत अस्तर पाहून निर्धास्त होतो. त्या अस्तरामागें काय दडलें आहे, हा विचार त्याला शिवत नाहीं. जो मनुष्य आपलें विमान स्वतःच्या हातांनीं बांधतो, त्याला मात्र हाच विचार अखेरपर्यंत सोडीत नाहीं.

१९०३ सालीं राइट बंधूंनीं उडविलेल्या विमानाला कक्षच नव्हता. वैमानिक खालच्या पंखावर पालथा पडून तें चालवी. पहिल्या महायुद्धानंतर उतारूंसाठीं बंदिस्त कक्ष रूढ झाले, तेव्हां त्यांत बहुधा वेताच्या खुर्च्या मांडीत, कारण वेत हलका. १९२७ सालीं एकट्यानें अटलांटिक ओलांडणारा लिंडबर्गहि वेताच्याच आसनावर बसला होता. वजन वांचविण्यासाठीं त्यानें रेडिओ व हवाई छत्री यांचाहि त्याग केला होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तें 'पस मॉथ' विमान बंदिस्त कक्षाचें, पण अगदीं लहान होतें.

पुढें विमानें मोठ्या कारखान्यांत होऊं लागलीं, तरी घरीं विमान बांधण्याची हौस मावळली नाहीं. फ्रान्समध्यें आंरी मिन्ये यानें १९३३ सालीं स्वतः बांधलेलें चिमुकलें विमान उडविलें. अमेरिकेंत १९५३ सालीं अशा हौशी कारागिरांची संघटना स्थापन झाली. महाराष्ट्रांत कॅप्टन अमोल यादव यांनीं मुंबईच्या कांदिवली उपनगरांत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान उभारलें. फेब्रुवारी २०१६ मध्यें तें मुंबईच्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें. त्याची सरकारी नोंद नोव्हेंबर २०१७ मध्यें झाली, उड्डाणाचा परवाना २०१९ सालीं मिळाला, आणि २०२० सालीं धुळ्यास त्याची चाचणी झाली.

कोणत्याहि घरगुती विमानांत कक्षाची सजावट शेवटीं येते, आणि तोंवर बांधणाऱ्याचा धीर सुटत आलेला असतो. नेमक्या याच वेळीं त्याला मोह आवरावा लागतो. जाड गादी सुखाची खरी. पण ती मागच्या आसनांवर घातली कीं गुरुत्वमध्य मागें सरकतो. शेपूट फार जड झालें, तर नाक वर उचललें जाऊन वेग घटतो, पंखांचा आधार सुटतो आणि विमान सावरणें कठीण होतें. कापड व गादीचा फोम सहज पेट घेणारा असला, तर ठिणगीबरोबर कक्ष विषारी धुरानें भरतो. पट्टे अस्तरांत न अडकवितां सांगाड्यांत पक्के करावे लागतात. नियंत्रणाच्या तारा, इंधनाच्या नळ्या आणि विजेचे जोड तपासतां येतील अशीं झांकणें अस्तरांत ठेवावीं लागतात. इतकें झाल्यावर सबंध विमान पुन्हा काट्यावर चढवून वजन व तोल नव्यानें मांडावा लागतो.

घर सजवितांना चूक झाली, तर डोळ्यांना खुपते. येथें ती अस्तराखालीं झांकली जाते, आणि तिची किंमत मागल्या आसनावर विश्वासानें बसलेल्या माणसाला मोजावी लागते. म्हणून जाणता कारागीर शेवटचा खिळा ठोकण्यापूर्वीं अस्तर पुन्हा एकदां उचलून पाहतो.