न फळलेली प्रार्थना : संत तेरेजेच्या घरचा वृत्तांत

महोत्सवाचे वर्ष उजाडले म्हणजे धर्मग्रामातील लहानथोर मागे वळून पाहतात आणि परमेश्वराचे उपकार मोजू लागतात. मंदिराचा पाया केव्हा घातला गेला, घंटा कोणी अर्पण केली, कोणत्या संकटातून देवाने गावास तारले, ह्याची नोंद अशा पुस्तिकेत होते. ती व्हावी हे योग्यच आहे. परंतु आमच्या मंडळीत अशीही माणसे आहेत, की ज्यांच्या प्रार्थनेची नोंद कोणत्याच वहीत सापडावयाची नाही. कारण मनुष्याच्या दृष्टीने पाहता ती प्रार्थना फळलीच नाही. वांद्र्याच्या मोत माउलीच्या चरणी मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळे वाहण्यासाठी दरवर्षी सप्टेंबर महिन्यात भाविक टेकडी चढतात. ज्यांचे मागणे पुरे होते ते पुढील वर्षी हसतमुखाने पुन्हा येतात. पण मेणाचे बाळ वाहूनही जिचा पाळणा रिकामाच राहिला, तिने कोणास काय सांगावे? आणि ह्या दुःखावर आणखी एक डागणी असते. "तुमचाच विश्वास कमी पडला," "घरात काही पाप असेल," असे कोणीतरी बोलून जाते. बोलणारे परके नसतात. रविवारी आमच्याच बाकावर बसणारे असतात.

अशा दुःखी जीवांसाठी आम्ही आज एका घराचा वृत्तांत सांगणार आहो. ते घर बाळ येशूच्या संत तेरेजेचे. हातात क्रूस व गुलाबपुष्पे घेतलेली तिची तसबीर आमच्या पुष्कळ घरांत आहे. आणि ती तसबीर पाहून अनेकांची समजूत अशी होते, की ह्या कुमारिकेचे आयुष्य फुलांवरूनच चालले असावे. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे.

फ्रान्स देशाच्या नॉर्मंडी प्रांतात आलाँसों नावाचे नगर आहे. तेथे लुई मार्टिन हे घड्याळजी राहत. त्यांच्या पत्नी झेलीबाई सुप्रसिद्ध आलाँसों लेसचा व्यवसाय करीत. ह्या भाविक दांपत्याची एक मोठी इच्छा होती : देवाने आपणांस एक पुत्र द्यावा आणि तो धर्मगुरू व मिशनरी व्हावा. त्यासाठी त्यांनी संत जोसेफाचा मनोभावे धावा केला. १८६६ साली पुत्र झाला; त्याचे नाव जोसेफ ठेवले. तो पुढील वर्षी फेब्रुवारीत वारला. पुन्हा प्रार्थना झाली. १८६७ च्या डिसेंबरात दुसरा पुत्र झाला; त्याचेही नाव जोसेफच ठेवले. तो १८६८ च्या ऑगस्टात गेला. १८७० साली आणखी दोन कन्या मृत्यूने नेल्या; त्यांतील एक साडेपाच वर्षांची होती. नऊ अपत्यांपैकी चार अशी मातीआड झाली. त्या वेळी झेलीबाईंस, ही मुले झालीच नसती तर बरे, असे बोलणारी माणसे भेटली. ते सांत्वन नव्हते, घाव होता. असले बोलणे आपणांस सहन होत नाही, असे त्यांनी पत्रात स्पष्ट लिहिले आहे. आपली बाळे नाहीशी झालेली नाहीत, ती परमेश्वरापाशी आहेत, असा त्यांचा विश्वास होता.

२ जानेवारी १८७३ रोजी नववे अपत्य जन्मास आले. ते पुत्र नव्हते. मिशनरीची आशा तेथेच संपली. त्या मुलीचे नाव तेरेजा.

पुढे झेलीबाईंच्या स्तनात गाठ वाढली. १८७६ च्या अखेरीस वैद्यांनी सांगितले, की आता शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. १८७७ च्या जून महिन्यात तीन मोठ्या मुलींस बरोबर घेऊन त्या लूर्दला गेल्या. प्रवास कष्टाचा झाला, पवित्र झऱ्याच्या पाण्यात स्नाने झाली. परंतु आजार तसाच राहिला. त्या घरी परतल्या त्या मात्र अशा प्रसन्न मुद्रेने, की जणू मागितलेली कृपा पदरात पडली असावी. पतीसही त्याचे नवल वाटले. २८ ऑगस्ट १८७७ रोजी त्यांनी देह ठेवला. त्या वेळी तेरेजा साडेचार वर्षांची होती.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. लूर्द येथे अनेक आजारी बरे झाले, ही गोष्ट आम्ही आनंदाने सांगतो. पण त्याच लूर्दहून एक भावी संत बरी न होता परतली, हीही गोष्ट तितकीच खरी आहे. झेलीबाईंचा विश्वास कमी पडला, असे म्हणण्याचे धाडस आता कोण करील? पोप फ्रान्सिस ह्यांनी १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पतीसह त्यांस संतपद दिले.

पत्नीच्या निधनानंतर लुई आपल्या पाच कन्यांस घेऊन लिझ्यू येथे राहावयास गेले. तेथील कार्मेल मठात प्रथम पोलीन, नंतर मेरी, आणि ९ एप्रिल १८८८ रोजी पंधरा वर्षांची तेरेजा, अशा तिघी कन्या दाखल झाल्या. धाकटीस निरोप दिल्यानंतर वर्ष होते न होते तोच पित्याच्या बुद्धीस भ्रम झाला, आणि १२ फेब्रुवारी १८८९ रोजी त्यांस कां येथील मनोरुग्णांच्या आश्रमात ठेवावे लागले. तेथे त्यांनी तीन वर्षांहून अधिक काळ काढला. कन्या रात्रंदिवस प्रार्थना करीत होत्या. पिता पूर्ववत झाला नाही. गावात कुजबूज सुरू झाली, की मुलींनी मठात जाऊन बापास वेड लावले. त्यातही लाडक्या धाकटीने तर कहर केला. बोलणारे नित्य मिस्साबलीस जाणारे सज्जनच होते. मठाच्या भिंती उंच असल्या तरी असे शब्द त्या ओलांडून आत येतातच. १८९० च्या ८ सप्टेंबरास, म्हणजे आपण पवित्र मरियेचा जन्मोत्सव पाळतो त्याच दिवशी, तेरेजेने व्रते घेतली. त्याच्या आदल्या रात्री तिलाही शंकेने गाठले होते, की हे पाचारण आपले नव्हेच. तिने ती शंका लपविली नाही. आपल्या गुरुभगिनीस सांगितली, आणि सांगताच तिचे मन हलके झाले. त्याच महिन्याच्या २४ तारखेस तिने काळे शिरोवस्त्र धारण केले, तेव्हा आशीर्वाद देण्यास पिता हजर राहू शकला नाही.

त्या काळच्या फ्रान्समधील धर्माचरणावर भीतीची एक दाट छाया होती. ईप्रचे बिशप यान्सेन ह्यांच्या ग्रंथातून सतराव्या शतकात निघालेले कठोर मत पोप दहावे इनोसंट ह्यांनी १६५३ साली निषिद्ध ठरविले होते. तथापि त्याचा गारवा दोन शतके भाविकांच्या अंतःकरणातून गेला नव्हता. देव म्हणजे हिशेब मागणारा न्यायाधीश, अशी पुष्कळांची भावना असे. अनेक व्रतस्थ भगिनी पापी जनांची शिक्षा आपणांवर यावी म्हणून स्वतःस देवाच्या न्यायास अर्पण करीत. तेरेजेस ह्या भीतीने फार पीडा दिली. १८९१ साली मठात प्रवचनास आलेल्या एका फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी तिला समजाविले, की तुझ्या उणिवांनी देवाचे मन दुखावत नाही. आणि तिला जणू मोकळे आकाश मिळाले. ९ जून १८९५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, तिने आपणांस अर्पण केले ते देवाच्या न्यायास नव्हे, तर त्याच्या दयाळू प्रेमास.

आता कोणी म्हणेल, की एवढे प्रेम अर्पण केल्यावर तिला प्रकाश मिळाला असेल. तसे घडले नाही. १८९६ च्या उत्तम शुक्रवारी पहाटेपूर्वी तिच्या मुखातून रक्त आले. तो क्षयरोग होता. त्याच पुनरुत्थानाच्या सणाच्या दिवसांत तिच्या मनावर काळोख पसरला, आणि तो मरणापर्यंत म्हणजे सुमारे अठरा महिने राहिला. स्वर्ग आहे की नाही, मरणानंतर शून्यच तर नाही ना, अशा विचारांनी तिला घेरले. ज्या स्वर्गाची गीते ती लिहीत होती, त्या स्वर्गाचा आनंद तिला मुळीच जाणवत नव्हता. तिने काय केले? विश्वासांगीकार आपल्या रक्ताने लिहून तो हृदयाशी बाळगला. आणि ज्यांना देव मुळीच दिसत नाही त्यांच्या पंक्तीस आपण बसलो आहो असे मानून त्यांच्यासाठी ती प्रार्थना करू लागली. शेवटच्या दिवसांत वेदना इतक्या असह्य झाल्या, की अशा रुग्णाजवळ विषारी औषधे ठेवू नका, असे तिने भगिनींस बजावले. ज्या घरात दीर्घ आजार आहे, त्या घरास ह्या शब्दाचा अर्थ सांगावा लागणार नाही.

आणि मठात तिच्याविषयी काय बोलले जाई? ही भगिनी वारल्यावर मठप्रमुख हिच्याविषयी लिहितील तरी काय, हिने काहीच केलेले नाही, असे एक भगिनी बोलली ते आजारी तेरेजेच्या कानी आले होते.

तिची आणखी एक प्रार्थना होती. हियासिंथ लुआझोन नावाचे कार्मेल संघाचे विख्यात प्रवचनकार १८६९ साली संघ सोडून गेले होते व पुढे ख्रिस्तसभेपासून दूर झाले होते. इतर लोक त्यांचा धिक्कार करीत. तेरेजा त्यांस भाऊ म्हणे. १९ ऑगस्ट १८९७ रोजी तिने आयुष्यातील शेवटचे पवित्र ख्रिस्तशरीर स्वीकारले, ते त्यांच्यासाठी अर्पण केले. ३० सप्टेंबर रोजी, चोविसाव्या वर्षी, ती वारली. लुआझोन १९१२ साली वारले. ते ख्रिस्तसभेत परतले नव्हते. ह्या प्रार्थनेचे काय झाले, हे एक देवच जाणे. आम्ही तो पडदा ओढू पाहत नाही.

पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. तिच्या मृत्यूनंतर वर्षाने तिच्या आत्मकथनाच्या दोन हजार प्रती निघाल्या आणि ते पुस्तक जगभर पसरले. तिचे मूळ हस्तलिखित जसेच्या तसे १९५६ साली प्रसिद्ध झाले. १७ मे १९२५ रोजी पोप अकरावे पायस ह्यांनी तिला संतपद दिले. १९२७ च्या डिसेंबरात तिला मिशनांची आश्रयदात्री नेमले, आणि तेही संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या बरोबरीने, ज्यांचा पवित्र देह आमच्या शेजारी जुन्या गोव्यात आहे. १९९७ साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता म्हणून घोषित केले.

ज्या मातेने मिशनरी पुत्र मागितला, तिच्या कुशीतून मिशनांची आश्रयदात्री निघाली, असे आज आम्ही म्हणू शकतो. परंतु हे उत्तर झेलीबाईंच्या डोळ्यांस कधीच दिसले नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर दोन लहान शवपेट्या होत्या आणि साडेचार वर्षांची एक मुलगी होती. विश्वास ठेवावा लागला तो उत्तर कळण्यापूर्वी. आणि उत्तर कळण्यापूर्वीच त्यांनी डोळे मिटले. म्हणून हा वृत्तांत सांगून कोणत्याही दुःखी मातेस, "पाहा, देवाने तुझेही काहीतरी योजिले आहे," असे उतावळेपणाने सांगू नये. गेथशेमनी बागेत प्रभूने स्वतः प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली व तो टळला नाही. संत पौलाने आपला काटा निघावा म्हणून तीनदा विनविले व तो निघाला नाही. ह्यांपैकी कोणावर पित्याचे प्रेम कमी होते?

प्रिय बंधुभगिनींनो, महोत्सवाच्या मिस्साबलीत उपकारस्तुतीची दाने वेदीपाशी येतील. त्यांत न फळलेल्या प्रार्थनांसही जागा असू द्या. ज्याने मागितले व ज्यास मिळाले नाही, तरीही जो शेवटच्या बाकावर येऊन मुकाट गुडघे टेकतो, त्याचा विश्वास कमी नाही. कदाचित आम्हां सर्वांहून अधिक आहे. त्याच्याजवळ बसावे, त्याच्या घरी जावे, आणि जिभेस आवर घालावा. ज्याचा पाळणा रिकामा राहिला, ज्याचा पिता भ्रमातच गेला, ज्याच्या मनात स्वर्गाविषयी काळोख आहे, त्याने संत तेरेजेस आपली सोबतीण मानावे. ती त्या वाटेने गेलेली आहे, आणि त्या वाटेवरही तिने पित्याचा हात सोडला नाही. तो पिता आमच्या धर्मग्रामातील कोणाचाही हात न सोडो. आमेन.