टचपॅडचे सोंग: लिनक्सवरील एका जुन्या दुखण्याचा इतिहास

#थ्रेड

१/ लॅपटॉपवर लिनक्स बसवले, वायफाय जोडले गेले. पण दोन बोटांनी पान काही सरकेना. हा अनुभव अनेकांचा आहे. दोष प्रणालीचा की यंत्राचा? उत्तरासाठी थेट १९८७ पर्यंत मागे जावे लागते.

२/ त्या वर्षी आयबीएमने पीएस/२ ही संगणकमालिका आणली आणि तिची माउसजोडणी पुढे सर्वत्र रूढ झाली. त्या माउसची भाषा तुटपुंजी होती. प्रत्येक संदेश ३ बाइटचा: कोणते बटण दाबले, आडवे किती सरकले, उभे किती सरकले. बोट, स्पर्श, दाब यांसाठी तिच्यात शब्दच नव्हते.

३/ १९९४ मध्ये ॲपलच्या पॉवरबुक ५०० मालिकेत टचपॅड आला. त्याच दशकात सिनॅप्टिक्स ही कंपनीही या क्षेत्रात उतरली. इंटेल ४००४ च्या शिल्पकारांपैकी एक फेडेरिको फॅजिन आणि कॅलटेकचे कार्व्हर मीड यांनी १९८६ मध्ये ती स्थापन केली होती. तिचा मूळ विषय होता न्यूरल नेटवर्क!

४/ नवे उपकरण जुन्या प्रणालींवरही चालले पाहिजे, ही बाजाराची अट. म्हणून टचपॅडने सोंग घेतले. संगणक सुरू होताच तो सांगे, ‘मी साधा माउस.’ खरे रूप पाहायचे तर खुणेची थाप द्यावी लागे. रिझोल्यूशन बदलण्याची आज्ञा सलग चार वेळा, दर वेळी २ बिट घेऊन, आणि मग एक चौकशी. खऱ्या माउसला त्यातली खूण कळत नसे. टचपॅड मात्र ओळख देई.

५/ त्यानंतर त्याला योग्य आज्ञा दिली की ६ बाइटचे संदेश सुरू होत: बोट नेमके कुठे आहे, दाब किती आहे. सिनॅप्टिक्सने ही भाषा उघड दस्तऐवजात मांडली होती. सी. स्कॉट अनानियन यांचे १९९७ चे काम, स्टेफान ग्माइनर यांचे २००१ चे काम आणि २००३ मध्ये पीटर ऑस्टरलुंड यांनी केलेले कर्नलमधील रूपांतर, अशी ही परंपरा एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली.

६/ सर्व उपकरणांचे नशीब असे नव्हते. अल्प्स आणि एलानटेक यांच्या टचपॅडची भाषा स्वयंसेवकांना बाइटमागून बाइट तपासत उलगडावी लागली. अज्ञात लिपीचे वाचन करणाऱ्या अभ्यासकांचीच ही पद्धत. त्यातच अल्प्सची भाषा नव्या मॉडेलांबरोबर बदलत गेली. जिथे उलगडा झाला नाही, तिथे टचपॅड माउसच राहिला.

७/ २००९ मध्ये हेन्रिक रायडबर्ग यांच्या कामामुळे कर्नल २.६.३० ला अनेक बोटांची भाषा मिळाली. पुढे योनास ओदाल आणि पीटर हटरर यांच्या हातून लिबइनपुट घडले; २०१५ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. बोटांच्या हालचालींचा अर्थ लावण्याचे काम आता एकाच ठिकाणी होऊ लागले.

८/ २०१३ मध्ये विंडोज ८.१ बरोबर ‘प्रिसिजन टचपॅड’चे दंडक आले. बोटांची माहिती ठरावीक साच्यात द्यायची, अर्थ प्रणालीने लावायचा. त्याच वर्षी लिनक्स ३.८ मध्ये आयटूसी मार्गावरील एचआयडी उपकरणांची सोय झाली. प्रतिस्पर्ध्याने घातलेल्या शिस्तीचा लाभ मुक्त प्रणालीलाही मिळाला.

९/ आता निदान या इतिहासाच्या उजेडात करा.
• कर्नलच्या उपकरणयादीत टचपॅडऐवजी ‘पीएस/२ जेनेरिक माउस’ दिसतो? म्हणजे सोंग उतरलेलेच नाही. आधी कर्नल अद्ययावत करा.
• टचपॅड ओळखला आहे, पण सेटिंग बदलत नाही? जुना सिनॅप्टिक्स ड्रायव्हर बसवलेला असल्यास तो लिबइनपुटची जागा अडवतो. तो काढून पाहा.
• झोपेतून उठल्यावर टचपॅड गप्प? पीएस/२ प्रकारचा असेल तर ‘पीएसमाउस’ मॉड्यूल काढून पुन्हा चढवा. थाप नव्याने दिली जाते.
• कर्नलची नोंदवही वाचा. काही सिनॅप्टिक्स टचपॅड दुसऱ्या मार्गानेही बोलू शकतात, हे ती स्वतःच सांगते.

१०/ या इतिहासात यंत्रे फारशी बदलली नाहीत. बदलली ती माहितीची वाट. दस्तऐवज खुला होता तिथे ड्रायव्हर लिहिला गेला; तो बंद होता तिथे कुणाच्या तरी रात्री खर्ची पडल्या. पुढच्या वेळी टचपॅड रुसला, तर नोंदवहीतली ओळ जपून ठेवा आणि विकसकांपर्यंत पोहोचवा. उद्याचा ड्रायव्हर याच साधनांवर लिहिला जातो.