पराभवाचा धनी

१९९८ साली एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयांतून येणाऱ्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिली दोन्ही नावं क्वार्टरबॅकची, म्हणजे पास फेकून संघाची चाल खेळवणाऱ्या खेळाडूची, होती. इंडियानापोलिस कोल्ट्सनं पेटन मॅनिंगला घेतलं, सॅन डिएगो चार्जर्सनं रायन लीफला. सप्टेंबरात हंगाम सुरू होऊन दोन आठवडे झाले, तेव्हा लीफचा संघ दोन्ही सामने जिंकला होता आणि मॅनिंगचा दोन्ही हरला होता. पुढचे दोन सामनेही मॅनिंगच्या संघानं गमावले. हंगाम संपेपर्यंत त्याचे २८ पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले. पहिल्याच वर्षात इतके पास गमावण्याचा तो विक्रम आजही मोडलेला नाही. कोल्ट्सनं १६ पैकी ३ सामने जिंकले. एक वर्ष उलटलं आणि तोच संघ, त्याच क्वार्टरबॅकसह, १३ सामने जिंकला. लीफनं मात्र तिसऱ्याच सामन्यात, कॅन्सस सिटीत, १५ पैकी एकच पास पूर्ण केला, तोही ४ यार्डांचा, आणि तिथून त्याची कारकीर्द सावरलीच नाही. त्या दोन आठवड्यांच्या निकालांवरून जो कुणी मत बनवून बसला असेल, त्याचं मत दोन्ही बाजूंनी चुकलं. तरीही अमेरिकेत दर हंगामात, दर पराभवानंतर, तरुण क्वार्टरबॅकचा असाच निवाडा होतो. माझं म्हणणं असं की ही रीत एका जुन्या काळात घडली आणि त्या काळात तिला बऱ्यापैकी आधार होता. नंतर खेळ बदलला, क्वार्टरबॅकच्या हातातले निर्णय काढून घेतले गेले, पण दोष देण्याची साधनं मात्र अधिकाधिक त्याच्यावरच रोखली गेली.

हा खेळ जन्माला आला तेव्हा क्वार्टरबॅक त्याचा नायक नव्हता. चेंडू पुढे फेकायला नियमानं परवानगी मिळाली तीच १९०६ साली, आणि त्यानंतरही कित्येक वर्षं चेंडू थेट मागे उभ्या असलेल्या टेलबॅक या खेळाडूकडे जायचा. क्वार्टरबॅक संघाला पुढची चाल सांगायचा हे खरं, पण चाल सुरू झाली की त्याचं मुख्य काम वाट अडवणाऱ्यांना रोखण्याचं असे. चित्र पालटलं ते ८ डिसेंबर १९४० रोजी. शिकागो बेअर्सनं टी-फॉर्मेशन खेळून अंतिम सामन्यात वॉशिंग्टनला ७३-० असं लोळवलं. या रचनेत क्वार्टरबॅक चेंडू मागे देणाऱ्या सेंटरच्या पाठीशी उभा राहतो आणि जवळपास प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्या हातात येतो. बेअर्सच्या सिड लकमननं तो दिवस गाजवला आणि पुढच्या काही वर्षांत जवळजवळ सगळ्यांनीच ही रचना उचलली. आता चाल ठरवणारा आणि चेंडू खेळवणारा माणूस एकच झाला. बाल्टिमोर कोल्ट्सच्या जॉनी युनायटसनं २८ डिसेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धचा अंतिम सामना जादा वेळेत २३-१७ असा जिंकून दिला, तेव्हा निर्णायक चाली हडलमध्ये, म्हणजे चालीआधीच्या घोळक्यात, त्याच्याच तोंडून बाहेर पडत होत्या. अशा माणसाला सोमवारी सकाळी न्हाव्याच्या दुकानात किंवा ऑफिसात कुणी विचारलं असतं, की तिसऱ्या प्रयत्नाला तू धाव का निवडलीस, तर तो प्रश्न योग्य माणसाला विचारला गेला असता. उत्तर देण्याची जबाबदारी खरोखर त्याचीच होती.

पण त्याच सुमारास क्लीव्हलंडचे प्रशिक्षक पॉल ब्राउन हा अधिकार स्वतःकडे ओढून घेत होते. प्रत्येक चालीआधी ते गार्डच्या जागी खेळणाऱ्या एका खेळाडूला बाकावरून आत धाडायचे आणि त्याच्याकरवी निरोप द्यायचे. १९५६ साली तर त्यांनी क्वार्टरबॅक जॉर्ज रॅटरमनच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसवला, आणि लीगचे आयुक्त बर्ट बेल यांनी त्यावर लगेच बंदी घातली. डॅलसमध्ये टॉम लँड्री यांनी पुढे खेळाडूकरवी चाली धाडण्याची पद्धत रुजवली. १९७०च्या दशकात रॉजर स्टॉबाकसारखा कसलेला खेळाडूदेखील बाहेरून आलेल्या चाली खेळत असे. त्या दशकात पिट्सबर्गचा टेरी ब्रॅडशॉ आपल्या चाली आपणच ठरवायचा, पण असे लोक कमी कमी होत गेले. अखेर १९९४ साली लीगनंच प्रशिक्षकाचा आवाज थेट क्वार्टरबॅकच्या कानात पोहोचवण्याची सोय मंजूर केली. चालीच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. समोरचा बचाव वाचून ऐनवेळी बदल करण्याची मोकळीक अनुभवी क्वार्टरबॅकला मिळते, नवख्याला ती क्वचितच मिळते. म्हणजे ज्याच्यावर लोक सर्वांत जास्त चिडतात, त्याच्याच हातात सर्वांत कमी निर्णय असतात.

निर्णय असे हातातून जात असताना निवाड्याची साधनं वाढत गेली. ७ डिसेंबर १९६३ रोजी आर्मी-नेव्ही सामन्यात टोनी व्हर्ना या दूरचित्रवाणी दिग्दर्शकानं नुकतीच झालेली चाल पुन्हा दाखवली. पुन्हा दाखवलेली ती पहिली चालही क्वार्टरबॅकचीच होती, आर्मीच्या रॉली स्टिचवेच्या टचडाउनची, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवण्याची. १९७३ साली एनएफएलनं पासर रेटिंग स्वीकारलं. पूर्ण झालेले पास, दर पासमागे मिळालेले यार्ड, टचडाउन आणि इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी पकडलेले पास, या चार गोष्टींवरून शून्य ते १५८.३ यांमधला एक आकडा काढायचा. वेगवेगळ्या काळांतले पासर एका मापानं मोजता यावेत, हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. पण पास झेलणाऱ्या रिसीव्हरच्या हातावर आपटून उडालेला चेंडू प्रतिस्पर्ध्यानं पकडला, तर तो या हिशेबात क्वार्टरबॅकचाच गुन्हा ठरतो. शिवाय चेंडू हातात असताना किती वेळा त्याला जमिनीवर आडवं केलं, म्हणजे सॅक किती झाले, हे त्यात येतच नाही. ह्यूस्टन टेक्सन्स या नव्या संघानं २००२ साली डेव्हिड कारला पहिल्या क्रमांकावर निवडलं. त्या एका हंगामात तो ७६ वेळा सॅक झाला. लीगच्या इतिहासात एका हंगामात इतके सॅक दुसऱ्या कुणाच्याच वाट्याला आले नाहीत. त्याला वाचवणारी त्याच्यासमोरची फळी किती कच्ची होती, याची खूण त्याच्या रेटिंगमध्ये शोधूनही सापडणार नाही. क्रिकेटमध्ये चेंडू टाकणारा एक आणि खेळणारा एक असतो, म्हणून धावफलक बराचसा न्याय करतो. इथे एका चालीत दोन्हीकडचे बावीस जण एकाच क्षणी हलतात आणि हिशेबाच्या वहीत नाव मात्र एकाचंच चढतं.

सर्वांत भाबडं माप म्हणजे क्वार्टरबॅकच्या नावावर मांडलेले विजय आणि पराभव. १९८९ सालच्या डॅलस काउबॉइजकडे बघा. नवे मालक, नवे प्रशिक्षक जिमी जॉन्सन, आणि ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेला ट्रॉय एकमन. त्याच वर्षी जॉन्सन यांनी स्टीव्ह वॉल्श हा दुसरा तरुण क्वार्टरबॅकही घेतला. महाविद्यालयात तो त्यांच्याच हाताखाली खेळला होता. एकमननं ११ सामन्यांत सुरुवात केली आणि संघ अकराच्या अकरा हरला. त्या हंगामात डॅलसला जो एकमेव विजय मिळाला, वॉशिंग्टनविरुद्ध १३-३ असा, तो वॉल्श खेळत असताना. विजयच मोजायचे तर वाद तिथेच मिटतो. पण पुढच्याच आठवड्यात फीनिक्सविरुद्ध एकमननं ३७९ यार्डांचे पास दिले. नवख्या खेळाडूसाठी तेव्हा तो विक्रम होता. शेवटच्या मिनिटांत एक टचडाउन पास देताना त्याला इतका जबर मार बसला की तो मैदानावरच पडून राहिला. सामना तरीही २०-२४ असा हातचा गेला. माझ्या मते त्या संपूर्ण हंगामात डॅलसच्या भविष्याबद्दल सर्वांत जास्त सांगणारा सामना हा हरलेला सामनाच होता. पुढच्या वर्षी वॉल्शला न्यू ऑर्लिन्सकडे पाठवून दिलं गेलं आणि एकमननं पुढे तीन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले.

यावर रास्त आक्षेप असा की मी यशस्वी ठरलेल्यांचीच नावं वेचतो आहे. सुरुवातीला वाईट खेळणारे बहुतेक क्वार्टरबॅक पुढेही वाईटच खेळतात. एका मॅनिंगमागे कितीतरी लीफ असतात, आणि लीफबद्दल चिडलेल्या चाहत्यांचं शेवटी खरंच ठरलं. आक्षेपातली वस्तुस्थिती मला मान्य आहे. पण त्यातून जो निष्कर्ष काढला जातो, तो निघत नाही. लीफबद्दल लोक बरोबर ठरले ते पुढच्या अनेक सामन्यांच्या पुराव्यावर. पराभव तर मॅनिंगच्या पदरात त्याहून जास्त होते, म्हणजे एकट्या पराभवातून दोघांमधला फरक कळूच शकत नव्हता. १९७० साली ब्रॅडशॉनं ६ टचडाउन पास दिले, २४ गमावले आणि शंभरातले जेमतेम ३८ पास पूर्ण केले. पुढे चार सुपर बोल त्याच्या संघानं जिंकले. तो काळ बचाव करणाऱ्यांना जास्त मोकळीक देणारा होता. रिसीव्हरला वाटेत धक्काबुक्की करण्यावर खरी बंधनं आली ती १९७८ साली. तेव्हा त्याचे आकडे आजच्या मापानं वाचणंही चूकच. आणि चुका फक्त प्रेक्षकच करत नाहीत. युनायटसला १९५५ साली पिट्सबर्गच्या प्रशिक्षकांनी एकाही सामन्यात न खेळवता घरी पाठवलं होतं. १९५६ साली बाल्टिमोरकडून जखमी क्वार्टरबॅकच्या जागी तो उतरला, तेव्हा त्याचा पहिलाच पास शिकागोनं पकडला आणि टचडाउनपर्यंत नेला. तो सामना बाल्टिमोर २७-५८ असा हरलं.

धीर धरायचा की नाही, हे नेहमीच खेळावरून ठरत आलं असतं, तर हा सारा वाद निव्वळ आकडेमोडीचा राहिला असता. तसं झालं नाही, आणि या इतिहासातला हा भाग मला सर्वांत जास्त बोचतो. १९६८ साली डेन्व्हरच्या मार्लिन ब्रिस्को या कृष्णवर्णीय खेळाडूनं पहिल्याच हंगामात १४ टचडाउन पास दिले. पुढच्या वर्षी त्याला ती जागा मिळाली नाही आणि पुढची कारकीर्द त्यानं रिसीव्हर म्हणून काढली. १९७४ साली जो गिलियम पिट्सबर्गचा क्वार्टरबॅक म्हणून पहिले सहा सामने खेळला. संघानं चार जिंकले, एक बरोबरीत सुटला, एकच हरला, आणि त्याची जागा ब्रॅडशॉला दिली गेली. प्रशिक्षक चक नोल यांच्या निर्णयामागे खेळाची कारणं होती असं म्हणता येईल, कारण गिलियमचे शेवटचे सामने डळमळीत गेले होते आणि ब्रॅडशॉनं त्याच मोसमात सुपर बोल जिंकला. पण लोकांकडून गिलियमला ज्या जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, त्यांना खेळाचं कोणतं कारण देणार? वॉरन मून जानेवारी १९७८मध्ये रोझ बोल या महाविद्यालयीन सामन्याचा मानकरी ठरला होता, तरी त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये एकाही संघानं त्याला क्वार्टरबॅक म्हणून घेतलं नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनकडून सलग पाच ग्रे कप जिंकला आणि तेव्हा कुठे १९८४ साली ह्यूस्टनच्या जुन्या संघानं त्याला परत आणलं. डग विल्यम्सनं टँपा बेला १९७९ साली सुपर बोलपासून एका सामन्याच्या अंतरावर नेलं. मोबदल्याच्या वादात तो संघ सोडून गेला आणि १९८३ साली त्याच संघानं १६ पैकी १४ सामने गमावले. तो असताना त्याच्या अपुऱ्या पासांवर जी टीका होत होती, ती करणाऱ्यांना त्याच्या खेळाची किंमत तो गेल्यावरच कळली असणार. ३१ जानेवारी १९८८ रोजी वॉशिंग्टनकडून खेळताना त्यानं सुपर बोलच्या दुसऱ्या पंधरा मिनिटांत चार टचडाउन पास दिले.

दुसरा आक्षेप हक्काचा आहे. तिकीट काढणारा प्रेक्षक ओरडणारच, आणि क्वार्टरबॅकला मोबदलाही तसाच मिळतो. ओरडण्याचा हक्क मी नाकारत नाही. १९९९ साली फिलाडेल्फियाच्या चाहत्यांनी डॉनोव्हन मॅकनॅबचं नाव पुकारलं जाताच ड्राफ्टच्या सभागृहात त्याची हुर्यो उडवली, त्यानं एकही पास फेकण्याआधी. त्यांना चेंडू घेऊन धावणारा रिकी विल्यम्स हवा होता. पुढे मॅकनॅबनं त्याच संघाला सलग चार वर्षं परिषदेच्या, म्हणजे लीगच्या अर्ध्या गटाच्या, अंतिम सामन्यापर्यंत नेलं. मोबदल्याचा मुद्दा मात्र उलटाच लागू पडतो. २०१० साली पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलरपर्यंतचा करार मिळाला. २०११ साली नवख्यांच्या पगारावर मर्यादा आली आणि कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी सुमारे २.२ कोटी मिळाले. तरुण क्वार्टरबॅक स्वस्त झाला म्हणून तो लवकर मैदानात उतरवला जाऊ लागला, आणि तिसऱ्या हंगामानंतरच करार पाचव्या वर्षापर्यंत वाढवायचा की नाही हे ठरवायचं असल्यानं लवकर टाकूनही दिला जाऊ लागला. चाहत्यांच्या अधीरतेला आता संघांच्या हिशेबाचीही जोड मिळाली आहे.

ज्याला खरोखर पारखायचं आहे, त्याला पूर्वीपेक्षा जास्त दिसू शकतं, हेही खरं. दूरचित्रवाणीचा मुख्य कॅमेरा चेंडूच्या मागे असतो, त्यामुळे रिसीव्हर मोकळा होता की नव्हता हे अनेकदा चौकटीबाहेरच राहतं. २०१२ पासून लीगनं बावीसच्या बावीस खेळाडू दाखवणारं प्रशिक्षकांचं चित्रीकरण वर्गणी भरणाऱ्या प्रेक्षकांनाही खुलं केलं. पास उशिरा सुटला की रिसीव्हरनं वळण चुकवलं, डावीकडची फळी किती क्षणांत कोसळली, हे त्यात शोधता येतं, आणि असं मन लावून पाहणारे चाहते आज आहेतही. पण प्रशिक्षकानं कानात कोणती चाल सांगितली, त्या चालीत पहिली नजर कुणाकडे टाकायची होती, आणि ती बदलण्याची मुभा त्या मुलाला होती की नव्हती, हे त्या चित्रीकरणातही दिसत नाही.