नक्कल, संहिता आणि कोरे वाचन

पूर्वी न पाहिलेला उतारा निवडचाचणीत हाती पडावा आणि नटाने तो तत्काळ वाचून दाखवावा, ही रीत आज स्वाभाविक वाटते. महाविद्यालयीन एकांकिकेसाठी पात्रनिवड करताना आम्हीही ती कधी तपासली नव्हती. नाट्येतिहास शिकवताना मात्र एक प्रश्न अडवतो : अस्खलित वाचन ही नटाची कसोटी केव्हापासून झाली?

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हा पात्रांच्या हाती लिखित संवाद नव्हते. सूत्रधार पदे म्हणे आणि त्यांच्या अनुरोधाने पात्रे स्वयंस्फूर्त भाषणे करीत. तिथे परीक्षा होती कानाची व प्रसंगावधानाची. वि. ज. कीर्तन्यांचे 'थोरले माधवराव पेशवे' १८६१ मध्ये आले आणि 'बुकिश' नाटकांचे (नावच पुरेसे बोलके आहे) युग सुरू झाले. शब्द आता नाटककाराचे होते. नटाने ते मुखोद्गत करायचे. त्यासाठी त्याला मिळे ती 'नक्कल', म्हणजे त्याच्या भूमिकेपुरती उतरवून काढलेली भाषणे. एलिझाबेथकालीन इंग्लंडातही हीच पद्धत होती. एडवर्ड ॲलिनची 'ऑर्लँडो फ्युरिओसो'मधील नक्कल डलिच कॉलेजात जतन केलेली आहे. तीत इतर पात्रांच्या भाषणांचे केवळ अखेरचे काही शब्द आहेत.

चाचणीतला सुटा कागद या नकलेचाच वंशज म्हणावा लागेल. संदर्भ तिथेही तुटलेला, इथेही. पण नक्कल पाठ करायला अवधी असे, आणि पुढे देवलांसारखा तालीममास्तर ती घोटून घेई. आज तो अवधी पाच मिनिटांवर आला आहे. त्या पाच मिनिटांत विद्यार्थी कठीण शब्द जुळवत बसतात. कोण कोणाशी बोलतो आहे, त्याला समोरच्याकडून काय हवे आहे, आपल्या वाक्याआधी काय ऐकू येते, हे शोधणे अधिक उपयोगाचे. वाक्य संपताना नजर कागदावरून उचलता आली, तर निम्मे काम झाले.

एका वर्षी अडखळत वाचणाऱ्या एका मुलाला आम्ही वगळले. उच्चार 'शुद्ध' नव्हते, हेही कारण होतेच. संध्याकाळी तोच प्रसंग तो कट्ट्यावर मित्रांना आपल्या बोलीत सांगत होता, आणि आम्ही जिन्यात थबकून ऐकत राहिलो. भूमिका तोवर दुसऱ्याला दिली होती. ती आम्ही परत घेतली नाही.

आता आम्ही कागद आदल्या दिवशी देतो. वाचून झाले की तो उलटा ठेवायला लावतो, आणि प्रसंग स्वतःच्या शब्दांत बोलायला सांगतो.