बुद्ध पौर्णिमा घरात शिरली कशी?

बुद्ध पौर्णिमा जवळ आली की आमच्या तालुक्याच्या गावात चर्चा सुरू होते ती मिरवणुकीची. कमान कुठं, डीजे किती, पाहुणा कुठल्या पक्षाचा. बातम्याही त्याच्याच येतात. पण हा सण घरात, लेकराबाळांत कसा रुजला, याचा इतिहास जास्त मोलाचा आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही.

२४ मे १९५६. बुद्धांच्या महापरिनिर्वाणाचं २५०० वं वर्ष सरकारी इतमामात साजरं होत होतं. त्या दिवशी मुंबईत नरे पार्कवर बाबासाहेबांनी जाहीर केलं, ऑक्टोबरमध्ये धर्मांतर करणार. १४ ऑक्टोबरला नागपुरात त्यांनी चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतली आणि समोरच्या लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या. लोक गावी परतले, देव्हाऱ्यातले देव निघाले. आणि ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेबच गेले.

आता त्या घरांचा विचार करा. जुने सण सोडलेले. नवा सण कसा करायचा हे सांगायला आजी नाही, कारण आजीनं तो कधी केलेलाच नाही. पोरं तर विचारणारच, आपल्याकडं आता गोडधोड कधी?

बाबासाहेबांनी तयार केलेली 'बौद्ध पूजापाठ' ही छोटी पुस्तिका तेव्हा कामाला आली. पण वाचणार कोण? आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात, घरात अक्षर ओळखणारं बहुतेक शाळेत जाणारं पोरगंच असायचं. ते पालीतलं त्रिशरण-पंचशील अडखळत म्हणायचं आणि आई-बाप मागून म्हणायचे. म्हणजे इथं परंपरा वरून खाली आली नाही, खालून वर गेली! पांढरे कपडे, मेणबत्ती, फुलं, बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, सुजाताच्या गोष्टीतली खीर. एवढ्यावर सण उभा राहिला. खर्च काहीच नाही.

घराबाहेर मात्र वेगळीच अडचण होती. बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती नव्हत्या. राज्यानं आपल्या पातळीवर आधी दिल्या, पण केंद्राचा कायदा बदलायला १९९० साल उजाडलं. तोवर कित्येक घरांत खीर बुद्ध पौर्णिमेची आणि शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार'. पोटाचा प्रश्न होता, बापाला नावं ठेवून चालणार नाही. पण दाखला हातात घेणाऱ्या पोराला काय वाटत असेल? चौतीस वर्षं म्हणजे एक अख्खी पिढी त्यात गेली.

आणखी एक गोष्ट. स्वतः बाबासाहेबांना बुद्ध भेटले ते शाळकरी वयात, कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी भेट दिलेल्या आपल्या बुद्धचरित्रातून. चरित्रकार हा प्रसंग १९०७ च्या मॅट्रिकनंतरचा सांगतात, बाबासाहेब स्वतः इंग्रजी चौथीनंतरचा म्हणतात. मी बाबासाहेबांचं धरतो. ते वाचून त्यांनी वडिलांनाच विचारलं होतं, आम्हाला रामायण-महाभारत वाचायला लावता, मग बुद्ध का नाही सांगितला? तिकडं गोव्यात सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींनाही बुद्ध आधी भेटले ते 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात. पुढं ते घर सोडून नेपाळ, श्रीलंकेपर्यंत गेले. दोघांच्याही वाटेला कारण झालं ते मुलांच्या हाती पडलेलं मराठी वाचन.

डीजेला माझा विरोध नाही, पोरांना नाचावंसं वाटतं, नाचू द्या. पण त्याच्या वर्गणीतले शंभर-दोनशे रुपये बाजूला काढून घरात एक पुस्तक आणा. संध्याकाळी पोरालाच मोठ्यानं वाचायला सांगा, आपण ऐका. पाचवं शील आलं की घरातल्या मोठ्यांकडं बघून ते काय विचारेल, त्याची तयारी ठेवा. 😀

तुमच्या घरी पहिली बुद्ध पौर्णिमा कुणी, कशी केली? आजी-आजोबा असतील तर आजच विचारा आणि कमेंटमध्ये लिहा. वर्ष, गाव आठवत असेल तर तेही टाका.